वकीलबाई घरी जातात तेव्हा

पडद्यावरचा माणूस काम आटोपून घरी गेला की काय करतो, हे दाखवणारा सिनेमा मला आवडतो. पोलीस असो, वकील असो, गवई असो की वीज मंडळातला कारकून; हुद्दा खुंटीला टांगल्यावर तो कसा बसतो, काय जेवतो, कुणावर डाफरतो आणि कशाला हसतो, हे मला बघायचं असतं. मी सिनेमाचा रीतसर अभ्यास केलेला नाही. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, की घरात जे लागेल ते सगळ्यांबरोबर बसून बघणारी मी प्रेक्षक. पण वर्षानुवर्षं बघता बघता आवडीनिवडी पक्क्या होतात, आणि माझ्या आवडीची कसोटी ही आहे. या कसोटीवर माझ्या लेखी सगळ्यांत वर बसतो तो चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’.

‘कोर्ट’चं नाव बहुतेकांना पुरस्कारांमुळे कळलं. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा, असे दोन्ही पुरस्कार मिळाले. पाठोपाठ राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ आलं. एप्रिल 2015 मध्ये तो आपल्याकडे लागला आणि त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करला गेला. एवढं कौतुक ऐकून जे थिएटरात गेले त्यांच्यातले पुष्कळ जण ‘यात काही घडतच नाही’ असं म्हणत बाहेर आले. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जे घडतं ते आपण एरवी जिथे बघतो तिथे घडत नाही, म्हणून तसं वाटतं. ते कुठे घडतं, तेच इथे सांगायचं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण कांबळे हे 65 वर्षांचे लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतात आणि वस्त्यांमधून गातात. एका कार्यक्रमातच पोलीस येऊन त्यांना पकडतात. आरोप असा की त्यांनी गायलेल्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराने गटारात उतरून जीव दिला. म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा. सेशन्स कोर्टात खटला उभा राहतो. आरोपीचे वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन, न्यायाधीश सदावर्ते. साक्षी होतात, तारखा पडतात. जामीन आधी नाकारला जातो, मग मिळतो. सुटल्यावर कांबळे पुन्हा गातात आणि पुन्हा धरले जातात, या खेपेला यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याखाली. इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल की हा अन्यायाविरुद्ध मुठी आवळणारा सिनेमा असणार. ‘दामिनी’तला सनी देओल डोळ्यांपुढे येतो. कोर्टातलं घणाघाती भाषण, टेबलावर आपटलेला हात, टाळ्या. कोर्ट म्हटलं की हिंदी सिनेमाने आणि मागोमाग आपल्या मालिकांनी हेच दृश्य इतक्या वेळा दाखवलं आहे, की खऱ्या कोर्टाची पायरी चढलेला माणूससुद्धा सिनेमात तेच शोधतो.

ताम्हाण्यांच्या कोर्टात कुणी आवाज चढवत नाही. मृणाल देसाईंचा कॅमेरा खोलीच्या एका टोकाला बसून असतो, अगदी मागच्या बाकावर कुणाची तरी वाट बघत बसलेल्या नातेवाइकासारखा. समोर न्यायाधीशांचं उंच टेबल, खाली टंकलेखक, दोन बाजूंना वकील, दाराशी पोलीस, बाकांवर पुढच्या केसची माणसं. आपला खटला पुकारण्याआधी दुसरा कुठला तरी चाललेला असतो आणि आपला संपल्यावर तिसरा सुरू होतो. दिग्दर्शक तो तिसराही थोडा ऐकवतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या खटल्यासाठी आपण तिकीट काढलं, तो त्या खोलीच्या लेखी दिवसभराच्या कामातला एक आकडा आहे, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. अशाच एका मधल्या खटल्यात समोर आलेल्या बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकूनच घेत नाहीत. स्वर चढत नाही, अपमान केल्याचा आव नाही. नियमावर बोट ठेवतात आणि पुढची केस पुकारली जाते. पुढच्या दीड तासात कांबळ्यांचं काय होऊ शकतं याची खूण त्या दोन मिनिटांत मिळून जाते.

या खोलीत नूतन उभी राहते. गीतांजली कुलकर्णींनी ही वकीलबाई ज्या आवाजात उभी केली आहे, त्या आवाजावरच एक लेख होईल. कायद्याची कलमं ती वाचून दाखवते. पोटकलमांसकट, खुलाशांसकट, एका पट्टीत, भराभरा. पाठ झालेलं स्तोत्र म्हणताना अर्थाकडे लक्ष राहत नाही, तसं ते वाचन चालतं. वाचून झालं की तिच्या दृष्टीने मुद्दा सिद्ध झालेला असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी केलेले कायदे आज एका म्हाताऱ्या शाहिराला लावताना आपण काय करतो आहोत, हा प्रश्न तिच्या मनाला शिवत नाही. कारण तिच्या कामात तो प्रश्न येतच नाही. तिच्या बोलण्यात कांबळ्यांबद्दल द्वेष अजिबात नाही. मी तो शोधला. एकदा तरी ओठ आवळला जाईल, एकदा तरी डोळ्यांत राग दिसेल, असं वाटत राहिलं. नटीने तो मोह शेवटपर्यंत टाळला आहे, आणि तिच्या अभिनयाची ताकद मला तिथे दिसते. पुढे सहकाऱ्यांशी बोलताना ती सहज म्हणून जाते की न्यायाधीशांनी एकदाची वीस वर्षांची शिक्षा देऊन हे संपवावं, रोज तेच तेच चेहरे बघायचा कंटाळा येतो. वीस वर्षं! पासष्ट वर्षांच्या माणसाला! हे वाक्य खलनायिकेच्या तोंडी असतं तर आपण तिला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. इथे ते दिवसभर उभं राहून दमलेल्या बाईच्या तोंडी आहे.

मग सिनेमा तिच्याबरोबर घरी जातो.

लोकलच्या बायकांच्या डब्यात ती ओळखीच्या बाईशी घरच्या गोष्टी बोलते. बोलणं साधंच, आपण रोज करतो तसलं. कोर्टात तिच्या चेहऱ्यावर न दिसलेलं हसू इथे दिसतं. मग मुलाला बरोबर घेऊन घर. घरात टीव्ही चालू आहे, बाकीची मंडळी त्याच्यासमोर आणि ही ओट्याशी. हात सवयीने चाललेले. या सगळ्याला सिनेमा पुरेसा वेळ देतो. स्वयंपाक होतोय हे कळावं म्हणून दोन सेकंद कढई दाखवून पुढे गेला नाही. बाई राबते, ते राबणं जितका वेळ खातं त्यातला बराचसा वेळ तो आपल्यालाही द्यायला लावतो. आणि बघता बघता माझ्यासारखीच्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहिते: मला ती आवडायला लागते. मी तिला ओळखते. सकाळी डबे करून निघणारी, गाडीत जागा मिळाली तर डुलकी काढणारी, घरी आल्यावर पाच मिनिटंही न टेकता कुकर लावणारी बाई मी आयुष्यभर आजूबाजूला बघत आले आहे. तिची कणव येते. आणि त्याच वेळी हे डोक्यातून जात नाही, की याच बाईने आज दुपारी एका निरपराध माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी नेमाने युक्तिवाद केला आणि उद्या सकाळी पुन्हा करणार आहे.

हा सिनेमा मला मोठा वाटतो तो यासाठी. घर दाखवून नूतनचा गुन्हा तो हलका करत नाही, आणि गुन्हा दाखवून तिच्या घरातली माया खोटीही पाडत नाही. दोन्ही गोष्टी पुरेपूर खऱ्या. आपल्याकडे एखादं वाईट वागणारं पात्र ‘माणूस’ म्हणून दाखवायचं ठरलं की त्याला आजारी आई देतात, लहानपणीचं दुःख देतात. मग प्रेक्षक त्याला माफ करतात. नूतनला असलं काही दिलेलं नाही. तिच्या वागण्याला कारण नाही. तिचं आयुष्य आपल्यासारखं आहे, एवढंच आहे, आणि माझ्यासारख्या बघणाऱ्याला ते माफीपेक्षा फार जड जातं.

त्यानंतरचं नाटकाचं दृश्य. सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब नटूनथटून मराठी नाटकाला जातं. रंगमंचावर एक विनोदी प्रवेश चालू आहे: मुलीने परप्रांतीय मुलगा पसंत केला आहे आणि बाप त्याला, पर्यायाने त्याच्या सगळ्या मुलखाला, घराबाहेर हाकलतो. बाप गरजतो, प्रेक्षागृह टाळ्यांनी भरून जातं. नूतनचं कुटुंबही खूश. मराठी नाटकावर जीव असलेल्या कुणालाही हे दृश्य लागेल. ते लागावं म्हणूनच तिथे आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटलं नाही. त्या टाळ्या खोट्या नाहीत. अशा वाक्यांना मिळणाऱ्या टाळ्या आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेल्या आहेत. पण मला त्यातलं आणखी काही जास्त दिसतं. एका शाहिराच्या गाण्याने माणूस जीव देतो असा आरोप जिने कोर्टात लावून धरला, ती स्वतः रविवारी अशा रंगमंचासमोर बसते जिथून एका अख्ख्या समाजाला हाकलायची भाषा होते, आणि त्या शब्दांनी कुणाला काही होईल अशी शंकासुद्धा तिला येत नाही. दिग्दर्शकाने हे दोन धागे कुठेही जोडून दाखवलेले नाहीत. कोणतंही पात्र त्यावर बोलत नाही. नाटक संपतं, माणसं उठतात. जोडायचं काम आपलं.

विनय व्होराचं घर वेगळ्या मुंबईत आहे. ही भूमिका विवेक गोंबर यांनी केली आणि चित्रपटाची निर्मितीही त्यांचीच. गाडीत एकटा असताना संगीत ऐकणारा, सुपरमार्केटात सावकाश चीज आणि वाइन निवडणारा, मित्रमैत्रिणींबरोबर बारमध्ये परदेशी गाणं ऐकत बसणारा हा सधन गुजराती घरातला तरुण कांबळ्यांसाठी मनापासून झगडतो. त्याच्या घरच्या जेवणाचा प्रसंग लहान आहे पण फार नेमका. कांबळ्यांचा सहकारी सुबोध जेवायला आहे. आई त्याला आग्रह करून वाढते, आणि आईवडील पाहुण्यासमोरच मुलाच्या लग्नाचा विषय काढतात. विनय चिडतो, तिशीतला माणूस लहान पोरासारखा चिडतो. कोर्टात शब्द तोलून बोलणारा हाच का तो, असं वाटतं. सुबोध बिचारा खाली मान घालून जेवतो. पुढे कोर्टात केलेल्या एका युक्तिवादाने भावना दुखावल्या म्हणून काही लोक भर रस्त्यात विनयच्या तोंडाला काळं फासतात. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मला वाटतं दिग्दर्शकालाही त्यावर फार रेंगाळायचं नव्हतं. विनयच्या मागे घर आहे, पैसा आहे. तो उद्या पुन्हा उभा राहणार.

इथे थोडं बाजूला जाते, कारण नूतनचा ओटा बघताना मला नेहमी दुसरा एक ओटा आठवतो. ‘गुल्लक’ ही 2019 मध्ये सुरू झालेली हिंदी मालिका पुष्कळ मराठी घरांत आवडीने बघितली गेली. उत्तरेकडच्या लहान गावातलं मिश्रा कुटुंब. वडील वीज खात्यात, दोन मुलगे, आणि आई शांती मिश्रा. शांतीही गीतांजली कुलकर्णीच. मराठी बाई हिंदी पट्ट्यातली आई इतकी अस्सल करते, याचं मला कौतुक वाटतंच, पण त्याहून जास्त मला या दोन स्वयंपाकघरांत मजा येते. तेच हात, तीच घाई, तेच मान वळवून बाहेरच्या खोलीतल्यांना ऐकू जाईल असं बोलणं. शांती ओरडते, टोमणे मारते, आणि घरातली प्रत्येक हालचाल तिला पाठमोरी असूनही कळते. जमील खान यांच्या संतोष मिश्रांबरोबर तिची जी जुगलबंदी चालते ती मी कितीही वेळा बघू शकते. घराच्या कोपऱ्यातला गल्ला स्वतःच निवेदक, आणि तो सुरुवातीपासून बजावतो की यात मोठी कथा नाही, घरातले किस्से आहेत. गॅसचं बिल, शेजारणीचा आगाऊपणा, मुलाचे मार्क यांवर भाग उभे राहतात. फार प्रेमाने केलेलं काम आहे ते.

तरीही ‘गुल्लक’ संपली की मला घरात सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि ‘कोर्ट’ संपला की तसं वाटत नाही. मिश्रांच्या घराचं दार आतून लावलेलं आहे. संतोष मिश्रा कचेरीत काय करतात, कुणाचं मीटर तोडतात, कुणाला हेलपाटे घालायला लावतात, याची झळ घरापर्यंत पोचलीच तर तीही घरच्याच मायेत विरते. नूतनच्या घराचं दार मात्र सताड उघडं आहे. तिच्या पिशवीतून केसचे कागद घरात येतात आणि घरातलं सगळं मन कोर्टात जातं. मी एकीला खरी आणि दुसरीला खोटी म्हणत नाही. मला दोघी हव्यात. पण नूतन जास्त दिवस मनात राहते.

आपल्या मराठीत घरातल्या वेळेला असा मान देणारी मालिका म्हणून मी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चं नाव घेईन. 2001 साली अल्फा मराठीवर सुरू झाली, केदार शिंदे यांचं दिग्दर्शन, आणि मुळात दिलीप प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे लेखन. तिथे आबा टिपरे घरातल्यांना नुसते बघत असतात. राजन भिसेंचा शेखर, शुभांगी गोखल्यांची श्यामला, शलाका आणि शिऱ्या ही माणसं दिवसभर बाहेरून काय काय घेऊन येतात आणि आबा ते कसं ऐकतात, यावर मालिका चाले. आबांचं ऐकणं हा मला प्रभावळकरांच्या अभिनयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. दुसरा बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर तयार होत नसे. बोलणाऱ्याचं बोलणं आधी पुरतं आत जायचं. भागागणिक कुणाचं तरी लग्न मोडायचं, कुणाला तरी विष घालायचं, अशी गरज त्या मालिकेला कधी पडली नाही. मग दूरचित्रवाणीवरून तो ऐकण्याचा वेळ हळूहळू गेलाच. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं नुसत्या जुन्याच्या ओढीपोटी नाही. ज्या पडद्यावर कुणी कुणाचं ऐकताना दिसत नाही, तिथे माणसं एकमेकांवर आदळतात फक्त.

‘कोर्ट’मध्येही ऐकण्याचा एक प्रसंग आहे, आणि माझ्या मते तो सिनेमाचा गाभा आहे. मृत कामगार वासुदेव पवारची बायको शर्मिला साक्षीला येते. ही भूमिका उषा बाणे यांनी केली आहे. त्या व्यावसायिक नटी नव्हेत, आणि त्यांचा स्वतःचा नवराही गटारसफाईचं काम करणारा होता, हे मला सिनेमा बघितल्यावर कळलं. व्होरा विचारतो, ती उत्तर देते. आवाज सपाट, वाक्यं तोकडी. रडत नाही, चिडत नाही, सहानुभूती मागत नाही. विचारलं तेवढंच सांगते. नवरा दारू पिऊन गटारात उतरायचा, कारण एरवी तो वास सहन व्हायचा नाही. आतल्या वायूंनी त्याचा एक डोळा गेला होता. हातमोजे, मुखवटा, पट्टा, असलं संरक्षण काही मिळायचं नाही. उतरण्याआधी झुरळं दिसतात का ते तो बघायचा. झुरळ जिवंत असलं तर आत हवा आहे.

हे ऐकताना कोर्टाच्या खोलीत काय होतं? काहीच नाही. कुणी चमकत नाही, कुणी मान खाली घालत नाही. न्यायाधीश टंकलेखकाला जबाब सांगतात, कोर्टाच्या भाषेत, कोर्टाच्या मापात. बाईच्या तोंडून आलेलं आयुष्य त्यांच्या तोंडून निघताना नोंदीजोगं होऊन निघतं. पाठीमागे टंकलेखन चालू. झुरळाबद्दल ऐकल्यावर माझ्या पोटात जे ढवळलं, त्याला त्या खोलीत जागा नव्हती. दिग्दर्शकाने इथे पार्श्वसंगीत वाजवलं असतं, कॅमेरा तिच्या डोळ्यांजवळ नेला असता, तर माझ्या वाटचं रडणं त्यानेच उरकून टाकलं असतं. त्याने ते केलं नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे. ती साक्ष आजही मला जशीच्या तशी ऐकू येते.

साक्ष झाल्यावर व्होरा तिला आपल्या गाडीतून सोडतो. पैसे देऊ पाहतो. ती विचारते, काही काम असलं तर सांगा. एवढंच. खटल्याचं काय होईल हे ती विचारत नाही, नवऱ्याला न्याय मिळेल का हेही नाही. उद्याच्या चुलीची सोय तिला करायची आहे. व्होराकडे यावर उत्तर नसतं, आणि तो भला माणूस असूनही नसतं. सिनेमा पुन्हा बघताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वकिलांच्या, न्यायाधीशांच्या फुरसतीच्या वेळात आपल्याला मोकळेपणाने नेलं जातं. शर्मिला पवारच्या घरातली संध्याकाळ मात्र आपल्याला दिसत नाही. नारायण कांबळ्यांच्या घरी आपण अगदी सुरुवातीला जातो, पण तिथेही ते बसून नाहीत. मुलांना शिकवत आहेत. पुढे दिसतात ते मंचावर, कोठडीत, इस्पितळात, छापखान्यात. या माणसांना फुरसत नाही, म्हणून ती दाखवलेलीही नाही. त्यामुळे बाकीच्यांचं सुपरमार्केट, नाटक, सहल हे सगळं बघताना त्याची किंमत आपल्याला आपोआप कळत जाते.

कांबळ्यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक, 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. गाणी संभाजी भगत यांची. मंचावर कांबळे उभे राहतात तेव्हा त्यांच्या अंगात एक वेगळीच ताठ उभारी येते, आवाज मोठा होतो, हात पुढे येतो. कोर्टात तेच कांबळे विचारलेल्याला दोन शब्दांत उत्तर देतात. कोर्टात त्यांचा आवाज मोठा व्हावा असं प्रेक्षकाला सारखं वाटतं. साथीदारांनी तो राखून ठेवला आहे गाण्यासाठी. जामिनावर सुटल्यावर ते पहिलं काम करतात ते पुन्हा गाण्याचं, आणि या निर्णयाचा कुठे गाजावाजा नाही. सुतार सुटून आला तर रंधा हातात घेईल, तसं ते मंचावर चढतात.

आता शेवट, ज्यावरून आमच्या घरात दर वेळी वाद होतो. दुसऱ्या अटकेनंतर कांबळ्यांना जामीन मिळत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागणार, कोर्ट बंद होणार. हवं तर हायकोर्टात जा, असं सांगितलं जातं. खोली रिकामी होते. दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. तो अंधार बराच वेळ राहतो. सगळ्यांना वाटतं संपला सिनेमा, आणि घरातली निम्मी माणसं उठतात. एवढ्यात समोर ऊन आणि बसमधली गाणी! न्यायाधीश सदावर्ते आपल्या गोतावळ्याबरोबर सहलीला निघाले आहेत. रिसॉर्टवर खाणंपिणं, गप्पा, पोरांची धमाल. एका ओळखीच्या माणसाच्या मुलाची अडचण निघते, तर न्यायाधीशसाहेब त्याला खड्याची अंगठी सुचवतात, नावातल्या आकड्यांबद्दल सल्ला देतात. मग दुपारी बाकावर डुलकी लागते. पोरं गंमत म्हणून जोरात ओरडून त्यांना उठवतात आणि पळतात. ते दचकून जागे होतात, हाताशी सापडलेल्या पोराच्या एक थोबाडीत देतात. पोरगं रडतं. साहेब पुन्हा डोळे मिटतात. सिनेमा इथे संपतो.

आमच्याकडे म्हणतात की अंधारातच थांबायला हवं होतं. तो खरा शेवट, पुढचं सगळं शेपूट. मला हे पटत नाही. अंधारात थांबला असता तर सिनेमा देखणा झाला असता, पण आपण एका ‘व्यवस्थे’वर हळहळून उठलो असतो, आणि व्यवस्था हा शब्द असा आहे की त्यात कुणाचंच तोंड दिसत नाही. सदावर्त्यांना सहलीला नेऊन ताम्हाणे ते तोंड दाखवतात. ते क्रूर नाही. प्रदीप जोशींनी हा माणूस अगदी आपल्या नात्यातला वाटावा असा केला आहे: चार लोकांत मान असलेला, सल्ला मागितला तर आनंदाने देणारा, थोडा देवभोळा, सहलीत सगळ्यांत मिसळणारा. कोर्टात ते कायद्याच्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि इथे एका पोराच्या आयुष्याचा इलाज खड्यात शोधतात. दोन्हीकडे त्यांची स्वतःवरची खात्री सारखीच. त्या पोराचं चुकलं किती, आणि मारायला हात उठला किती चटकन! ना विचारपूस, ना समोर कोण आहे याकडे लक्ष. झोपमोड झाली, एवढं कारण पुरलं. आणि सुट्टी संपून कोर्ट उघडेल तेव्हा हेच गृहस्थ त्या उंच टेबलामागे बसणार आहेत, टंकलेखकाला जबाब सांगणार आहेत, आणि तोवर नारायण कांबळे आतच असणार आहेत.